वत्सगुल्माची पोरं काय वाचतात?

बालमित्रांनो, नकाशात वाशीम शोधा बघू! अकोल्याच्या खाली, हिंगोलीच्या वर. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. जिल्हा नवा, पण गाव फार जुनं बरं का! वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी 'वत्सगुल्म' ती हीच. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी इथला राजा सर्वसेन चक्क कविता लिहायचा, आणि तीही लोकांच्या जवळच्या महाराष्ट्री प्राकृतात. त्याचं 'हरिविजय' आज अख्खं मिळत नाही. नंतरच्या पंडितांनी आपल्या ग्रंथांत जे श्लोक उतरवून घेतले, तेवढेच उरले.

आता कारंज्याला चला. इथल्या जैन मंदिरांत जुन्या हस्तलिखितांचे भांडार आहेत. दहाव्या शतकातला कवी पुष्पदंत याचं अपभ्रंश भाषेतलं 'जसहरचरिउ' १९३१ साली आणि 'णायकुमारचरिउ' १९३३ साली कारंजा ग्रंथमालेत छापून निघालं. तोवर ही काव्यं बासनात जपून ठेवलेली होती. जपणाऱ्यांचे उपकार आहेतच. पण वाचक मिळाले ते बासन सुटल्यावर!

मला हे आठवतं ते शाळेतलं कपाट पाहून. कित्येक शाळांत पुस्तकं असतात, पण कुलपात. फाटली तर हिशोब कोण देणार? मग मुलांना वाचायची गोडी नाही, असं आपण म्हणून मोकळे होतो. अहो, दिसलंच नाही ते आवडणार कसं?

कपाट उघडं ठेवलं, की गंमत बघा. सहावी-सातवीची पोरं आधी जाडी बघतात, मग चित्रं. साप, भुतं, विहिरी, क्रिकेट ही पुस्तकं पहिल्या दिवशी गायब! सरांनी सुचवलेलं पुस्तक मात्र तसंच पडून राहतं. तेच मागच्या बाकावरच्या दोस्ताने "लय भारी आहे, वाच तू" म्हटलं, की त्यासाठी भांडणं. मला विचाराल तर या वयात दोस्तासारखा ग्रंथपाल नाही.

मुलींचं थोडं वेगळं. पुस्तक आवडतं, पण वेळ मिळत नाही. भाऊ वाचत बसला तर "अभ्यास करतो", ती बसली तर "भांडे कोण घाशीन?" आईबाबांनो, हे वाक्य तुमच्या घरात कोणाच्या वाट्याला येतं, जरा कान देऊन ऐका. १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जन्मदिवशी, २०१५ पासून आपण वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. आमच्याकडे नेमकी तेव्हा सोयाबीनची गडबड. सोंगणी असली की वर्गातले बाक निम्मे रिकामे.

भाषेचंही आहे. घरी 'मले', 'तुले', 'कायले', आणि पुस्तकात 'मला', 'तुला', 'कशाला'. मानोऱ्याकडच्या तांड्यांवरची पोरं तर घरी गोरमाटी बोलतात. त्यांची आई 'याडी'. वाशीमचे कादंबरीकार बाबाराव मुसळे यांच्या 'हाल्या हाल्या दुधू दे'सारख्या पुस्तकात आपल्या मातीतली माणसं भेटतात. पण ती मोठ्यांची पुस्तकं. अकरा-बारा वर्षांच्या पोराला आपला तांडा, आपली बोली, आपली बकरी पुस्तकात फारशी भेटत नाही. वर्गात कुणी याडीची गोष्ट गोरमाटीत सांगितली आणि आम्ही ती फळ्यावर उतरवली, की एरवी डुलक्या घेणारेही पुढे सरकून वाचतात.

दिवाळीनंतर काही कुटुंबं ऊसतोडीला जातात. भांड्यांच्या पोत्यात एखादं पुस्तकही जातं. नोंदवहीत आम्ही फक्त नाव आणि पुस्तक लिहितो, परतीच्या तारखेचा रकाना कोरा ठेवतो. एकदा उन्हाळ्यात असंच एक पुस्तक परत आलं. कडा धुराने पिवळ्या झालेल्या, शेवटचं पान गेलेलं. मुलीने शेवट स्वतःच्या हाताने वहीच्या पानावर लिहून आत ठेवला होता. मूळ शेवटापेक्षा तो वेगळा आहे. हल्ली ते पुस्तक नेण्यासाठी वर्गात नंबर लागतात.