उभ्या चाकांचे वय

झिजणे आणि जीर्ण होणे ही दोन क्रियापदे बोलण्याच्या ओघात आपण एकमेकांच्या जागी सहज वापरतो. वास्तविक त्यांच्यात मोठे अंतर आहे. झिजायला वापर लागतो. उंबरठा झिजतो, सहाण झिजते, देवळाची पायरी झिजते. जीर्ण व्हायला मात्र नुसता काळ पुरतो. पेटीत घडी घालून जपलेला शालू कोणी अंगावर न घेताही घडीच्या रेषेवर विरत जातो. हैदराबादेत मराठी शिकवण्यात माझी चौतीस वर्षे गेली आणि हा भेद मी वर्गात शब्दांच्या संदर्भात पुष्कळदा समजावून सांगितला. तो एखाद्या वस्तूच्या अंगावर आकड्यांनी उमटवलेला असू शकतो, हे मात्र २०२३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील मिशिगन राज्यात, कालामाझू येथे राहणाऱ्या धाकट्या भावाकडे गेलो तेव्हा प्रथम पाहिले.

त्याच्या अंगणात एक ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ उभा होता. मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचे हे घर. त्याला स्वतःचे इंजिन नसते; दोन आस, चार चाके आणि त्यांवर एका लांबट खोलीत मांडलेला संसार : पलंग, ओटा, तीन ज्योतींची शेगडी, फ्रिज, न्हाणीघर. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असे आपण म्हणतो. इथे ते पाठीमागे असते एवढाच फरक. या देशाला फिरत्या घरांचे वेड जुने आहे. जॉन स्टाइनबेक १९६० साली ट्रकवर बसवलेल्या अशाच एका खोपटातून अमेरिका पाहायला निघाला होता आणि त्या वाहनाला त्याने डॉन किहोतेच्या घोड्याचे, रोसिनान्तेचे, नाव दिले होते. कालामाझूच्या दक्षिणेस तासा-दीड तासावर इंडियाना राज्यातील एल्कहार्ट आहे; अशी घरे बांधणारे कारखाने त्या परिसरात दाटीने वसले आहेत.

भावाने हा ट्रेलर २०१७ मध्ये घेतला. दोन-तीन उन्हाळे ती दोघे हौसेने हिंडली. मग २०२० ची महामारी आली, आणि ती ओसरते न ओसरते तोच २०२१ मध्ये भावजयीला स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया, औषधे, किरणोपचार यांत वर्ष गेले. २०२२ च्या अखेरीस उपचार संपले. एवढा सगळा काळ ट्रेलर अंगणात उन्हापावसात आणि बर्फात जागच्या जागी उभा होता. मी पोहोचलो त्या आठवड्यात भावजयीने जाहीर केले की, या उन्हाळ्यात पुलापलीकडे जायचे. पूल म्हणजे मॅकिनॉचा पूल. मिशिगनच्या दोन द्वीपकल्पांना जोडणारा हा झुलता पूल १९५७ मध्ये खुला झाला. त्याची एकूण लांबी सुमारे आठ किलोमीटर आहे.

भाऊ यंत्र-अभियंता. निघण्यापूर्वी त्याने तपासणीला आरंभ केला. टायरांवरची नक्षी जवळजवळ नवी होती. खाचांत नाणे उभे केले तर खोलवर जात होते. त्यांच्या बाजूवर ‘एसटी’ ही अक्षरे वाचून मला मराठवाड्यातल्या धुळीच्या रस्त्यावरची लाल गाडी आठवली आणि हसू आले. इथे त्यांचा अर्थ ‘स्पेशल ट्रेलर’ असा, म्हणजे केवळ ओढल्या जाणाऱ्या वाहनासाठी घडवलेला टायर. त्याच बाजूला एका लंबगोलात चार आकडे होते : ०९१७. भावाने अर्थ सांगितला. २०१७ सालचा नववा आठवडा. सन २००० पासून टायरावर त्याचा जन्म असा आठवड्यानिशी नोंदवला जातो. ट्रेलरचे टायर नक्षी शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांत बदलावेत असा जाणकारांचा संकेत आहे. यांना सहा वर्षे पूर्ण झाली होती.

तरीही तो घुटमळत होता. आम्ही दोघे ज्या घरात वाढलो तिथे वस्तू पुरती झिजल्याशिवाय टाकायची नाही हा जणू धर्मच होता. “दादा, हे टायर पाच हजार मैलसुद्धा चाललेले नाहीत. टाकून द्यायला हात धजत नाही,” तो म्हणाला. भावजय दारात उभी होती. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “दादा, तुम्हीच सांगा यांना. वरून चांगलं दिसतं म्हणजे आत चांगलं असतंच असं नाही. मलाही वरून काही झालेलं नव्हतं.” यावर आम्हा दोघांपाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी चार नवे टायर सांगितले गेले.

पुढे भावाने मला जे समजावले ते मला अजून विचारात पाडते. रबराला सूर्यप्रकाश आणि हवेतला ओझोन यांचा उपद्रव असतो. म्हणून टायरच्या रबरात विशिष्ट मेणे आणि रसायने मिसळलेली असतात. चाक फिरते तेव्हा टायर दबतो, फुलतो, आणि या दबण्याफुलण्यातून ती द्रव्ये आतून पृष्ठभागावर येऊन त्यावर पातळ कवच धरतात. उभ्या टायरला हे मर्दन मिळत नाही. कवच विरत जाते, नवे येत नाही, आणि बाजूवर केसासारख्या भेगा पडू लागतात. चालणाऱ्या चाकाला त्याचे संरक्षण चालण्यातूनच लाभते. जपून ठेवले म्हणजे टिकते, हा आपला पिढीजात समज. इथे जपणेच वस्तूला आतून पोखरत होते.

नवे टायर जुन्यांपेक्षा एका श्रेणीने वरचे घेतले. आधीचे ‘सी’ श्रेणीचे होते. प्रति चौरस इंच ५० पौंड हवेवर प्रत्येक टायर ७९८ किलो भार पेलू शके. चार मिळून सुमारे ३,१९० किलो. पाणी आणि सामान भरून ट्रेलर अठ्ठावीसशे किलोंच्या घरात जाई, म्हणजे हाताशी अंतर थोडेच उरे. ‘डी’ श्रेणीचा त्याच मापाचा टायर ६५ पौंड हवेवर ९२५ किलो पेलतो. चारांचे ३,७०० होतात. वाढलेल्या दाबासाठी रबरी व्हॉल्व्हच्या जागी धातूचे व्हॉल्व्ह बसवले. “मग आता जास्त सामान नेता येईल?” मी विचारले. “मुळीच नाही,” भाऊ म्हणाला, “आस तेच आहेत. दोन्ही मिळून ३,१७५ किलोच सोसणार. टायर वाढवला तो भार वाढवायला नाही, अंतर वाढवायला.” सामर्थ्य मिळाले की ते लगेच खर्च करावे अशी माणसाची ओढ असते. नुसते राखून ठेवण्यासाठी सामर्थ्य मिळवावे, ही कल्पना मला अभियंत्याकडून ऐकताना विशेष वाटली.

चाके चढवताना मला लहानपणी लोहाराच्या दारात पाहिलेली धाव आठवली. गोवऱ्यांच्या विस्तवात लाल झालेले लोखंडी कडे बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढवीत आणि वरून पाणी ओतीत. कडे आवळे आणि आरे, पुठ्ठे सगळे एकजीव होत. तेव्हा घट्टपणा कानाला कळे. भावाने नट ठरावीक बळाच्या पान्याने आवळले, तेही समोरासमोरच्या जोड्या धरून, आणि ऐंशी किलोमीटर धावल्यावर पुन्हा आवळायचे असे ठरवले. पहिली घट्ट पकड ही अखेरची नसते, हे ज्ञान मात्र लोहारालाही असणार.

टायरनंतर गॅसची पाळी आली. या दोन कामांचा संबंध मला आधी कळेना. टायर वेगात फुटला तर त्याची सुटलेली पट्टी चाबकासारखी आपटत राहते आणि चाकावरची जमीन, वायरी फाडून काढते. गॅसची नळीही खालच्या अंगानेच गेलेली असते. म्हणून भाऊ या दोन दुरुस्त्यांना एकच दुरुस्ती म्हणे.

आपल्या घरातल्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये ब्युटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण असते. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप व्हायचे थांबते, त्यामुळे मिशिगनच्या हिवाळ्यात ते निरुपयोगी. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत उकळत राहते. ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर प्रोपेनचे प्रत्येकी नऊ किलोंचे दोन सिलिंडर होते. उन्हाळ्यात त्यांच्या आतला दाब चौरस इंचाला शंभर पौंडांच्या पुढे जातो. शेगडीला मात्र अर्धा पौंडदेखील नको असतो. पाण्याचा अकरा इंची स्तंभ जेवढा दाब देईल तेवढाच पुरतो. दोहोंमधला सगळा संयम तळहाताएवढ्या रेग्युलेटरवर सोपवलेला असतो. रेग्युलेटर नवा घेतला. सिलिंडरपासून त्याच्यापर्यंत येणाऱ्या रबरी नळ्या वाकवून पाहताच त्यांवर टायरसारख्याच बारीक भेगा दिसल्या. त्यांच्या जागी पोलादी जाळीचे वेष्टण असलेल्या नळ्या आल्या. सिलिंडर बंद करून, शेगडी पेटवून, आत अडकलेला गॅस जाळून संपवल्यावरच भावाने पाने हातात घेतले. एकाने जोड धरायचा, दुसऱ्याने फिरवायचा. पेचांना पिवळी फीत गुंडाळली, पण नळीचे तोंड फुलवून बसवलेल्या जोडांना काही लावले नाही. तिथे धातूवर धातू नेमका बसतो आणि त्यातच गळती थांबते. मध्ये फीत आली तर तीच अडथळा होते.

मग साबणाचे पाणी. माझ्या हाती फवारणीची बाटली दिली गेली. सिलिंडर उघडला आणि मी एकेका जोडावर फवारत गेलो. तिसऱ्या जोडाशी एक बुडबुडा हळूच फुगला, थांबला, फुटला आणि त्याच जागी दुसरा आला. भावाने पाना पाव वळसा फिरवला. पुन्हा फवारले. पाणी नुसते ओघळून गेले. दीर्घकाळ समीक्षा केलेल्या माणसाला दोष दाखवण्याचे इतके निर्विवाद साधन क्वचित मिळते.

प्रोपेनला स्वतःचा वास नसतो. ओळखू यावा म्हणून त्यात मर्केप्टनचा उग्र दर्प मिसळतात. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधील न्यू लंडन येथील शाळेत वासहीन नैसर्गिक वायू साचून स्फोट झाला आणि सुमारे तीनशे जण, बहुतांश मुले, मृत्युमुखी पडली. त्यानंतर वायूला वास देणे कायद्याने सक्तीचे होत गेले. आपण नाक मुरडतो तो दर्प त्या मुलांनी मागे ठेवलेला आहे. पण झोपलेल्या माणसाच्या नाकावर विसंबता येत नाही. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ते जमिनीलगत साचते. म्हणून ट्रेलरमध्ये गॅस ओळखणारे यंत्र पलंगाच्या उंचीवर नव्हे, पावलांपाशी बसवतात. त्याच्या पाठीवरही आयुर्मर्यादेची तारीख होती, आणि तीही उलटून गेली होती. त्याचा हिरवा दिवा मात्र इमानाने जळत होता.

आम्ही तिघे ऑगस्टमध्ये निघालो. पुलावर वारा बेताचा होता. पलीकडे, लेक सुपीरियरच्या काठी, भावजयीने त्या शेगडीवर आले घातलेला चहा केला आणि फ्रिजमधून दूध काढले. तो फ्रिजही प्रोपेनच्या ज्योतीवरच चालत होता. १९२२ साली स्वीडनमधील दोन विद्यार्थ्यांनी शोधलेल्या युक्तीने तिथे आगीतून गारवा निर्माण होतो. रात्री आम्ही निर्धास्त झोपलो. ती झोप फुकटची नव्हती, हे तिघांनाही ठाऊक होते.

परतल्यावर भावाने ट्रेलरच्या वहीत नोंद केली : टायर, नळ्या, रेग्युलेटर, गॅस ओळखणारे यंत्र, आणि शेवटी, ‘पुढील बदल : २०२८’. पाच वर्षांचा हिशेब त्या घरात नवा नव्हता. डॉक्टरांनीही भावजयीला पाच वर्षांचाच टप्पा सांगितला होता आणि त्यातले जेमतेम एक वर्ष सरत आले होते. तिने वही हातात घेऊन तो आकडा वाचला. क्षणभर कोणी बोलले नाही. मग ती म्हणाली, “म्हणजे तोवर दरवर्षी जायला हवं. नुसती उभी ठेवली तर ही चाकंही वाया जातील.”

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती दोघे पुन्हा पुलापलीकडे गेली.