हेमगर्भाचे दोन वळसे

आमच्या पिढीतल्या कितीतरी घरांत, देवघराच्या कोनाड्यात नाहीतर आजीच्या ट्रंकेत, एक चांदीची डबी असे. आत केशराची पुडी, कस्तुरी म्हणून जपलेला एखादा कण (खरा किती, हे विचारायचं नाही) आणि रेशमी चिंधीत गुंडाळलेली, सुपारीएवढी, काळपट हेमगर्भाची मात्रा. पारा, गंधक, सोनं आणि तांब्याचं भस्म खलून तिला शिखराचा आकार द्यायचा, रेशमात बांधून वितळलेल्या गंधकात शिजवायची. इतकी टणक होई की पिढ्यान्‌पिढ्या झिजत नसे. पणजोबांना जिचे वळसे दिले, तीच आजोबांच्या वेळीही निघाली.

हिशेब वळशांचा. सहाणेवर आल्याचा रस, त्यात दोन वळसे, वर मध, आणि ते चाटण बोटाने जिभेला. छातीत कफ दाटलाय, घरघर लागलीय, हातपाय गार पडलेत, वाताने शुद्ध हरपलीय, अशा वेळी वैद्यबुवा नाडीवरचा हात काढून एवढंच विचारत, "हेमगर्भ आहे ना घरात?" या प्रश्नाचा अर्थ सगळा वाडा ओळखून असे. कुणीतरी तार करायला पोस्टात धावे. शेजारच्या काकू न बोलावता येऊन आमच्या जेवणाचं बघत. सहाण धुऊन आणायचं काम आम्हा पोरांकडे. तिच्यावर त्याच सकाळी पाळण्यातल्या भावंडाची गुटी उगाळलेली असे. काकडशिंगी, अतिविष, वेखंड. तीही कफावरचीच.

गुण यायचा का? काही जण उठून बसले, त्यांच्या गोष्टी घरात वर्षानुवर्षं सांगितल्या गेल्या. बाकीच्यांच्या कोण सांगणार? मोठ्यांची अपेक्षाही फार नसे. घटकाभर डोळे उघडावेत, मुंबईहून निघालेल्या मुलाची ओळख पटावी, वाटणीबद्दल राहिलेला एक शब्द निघावा. माझ्या मते हेमगर्भ रोग्याइतकाच घरच्यांसाठी दिला जाई.

चीनमधल्या घरांतही अशी एक गोळी जपून ठेवतात, आनकुंग न्यूह्वांग. मधात वळलेली, मेणाच्या कवचात बंद. वू जुतोंग या वैद्याच्या ज्वरचिकित्सेच्या ग्रंथात तिचा पाठ आहे आणि बीजिंगची थोंगरनथांग ही १६६९ सालची पेढी ती आजही बनवते. गोरोचन, कस्तुरी, मोती, हिंगूळ, मनशीळ, अशी नावं वाचताना आमच्या आजीची डबीच समोर येते. तापात किंवा पक्षाघातात शुद्ध गेली, घशात कफ घरघरू लागला की ती द्यायची. पूर्वी तिच्यात गेंड्याचं शिंग असे. १९९३ साली चीनने त्या व्यापारावर बंदी आणली, त्या जागी म्हशीचं शिंग आलं, आणि बंदीआधीच्या जुन्या गोळ्यांना भलताच भाव आला. आमच्याकडे तसं काही व्हायचं नाही. आम्ही घरं विकली तेव्हा भांडी वाटून घेतली, डबीतली चांदी वाटून घेतली. मात्रा जिच्याकडे राहिली तिच्याकडे राहिली.

आणि ती आत्या अजून ती बाळगून आहे. कुणाला रुग्णालयात हलवलं की अतिदक्षता विभागाच्या दाराशी येते, पिशवीत सहाण, मधाची छोटी बाटली, आल्याचा तुकडा. आत रोग्याच्या तोंडात श्वासाची नळी. परिचारिका तिला समजावते, आत्या ऐकून घेते आणि विचारते, "नळी कधी काढणार? मी थांबते."