आठवणीतला पूर

अनुभवकथन स्मरणावर उभे असते आणि स्मरण म्हणजे जशीच्या तशी जपलेली नोंद नव्हे. दरवेळी आठवताना मन प्रसंगाची नव्याने जुळणी करते. मागाहून ऐकलेले, वाचलेले, छायाचित्रांत पाहिलेलेही त्यात मिसळून जाते.

१२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले. त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले आणि मुठेचे पाणी पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत शिरले. सारे घडले ते दिवसाउजेडी. प्रस्तुत लेखकाने घरातली पूरकथा लिहायला घेतली, तेव्हा आई आणि मावशी यांचे कथन वेगवेगळे बसून ऐकले. दोघी त्या दिवशी नारायण पेठेतल्या एकाच वाड्यात होत्या. मावशी म्हणाली, दुपारचा भात शिजत होता, तो तसाच टाकून निघालो. आईच्या मते मात्र रात्र होती आणि आजोबांच्या हातात कंदील होता. कंदील खोटा नाही. पुरानंतरच्या रात्री नातेवाइकांकडे विजेवाचून गेल्या. त्यांतला कंदील आईच्या मनात निघण्याच्या घटकेला चिकटला असावा.

वेळेत इतके अंतर, पण परतल्यावरच्या घराबद्दल दोघींचे बोलणे तंतोतंत जुळले: तांब्याच्या बंबात गळ्यापर्यंत गाळ आणि पिंपातल्या भिजलेल्या, मोड आलेल्या गव्हाचा आंबूस वास. या घरापुरते तरी वेळ आणि क्रम निसटले, वस्तू आणि वास टिकले.

आठवण लख्ख आहे आणि सांगणाऱ्याला खात्री आहे, एवढ्याने ती खरी ठरत नाही. १९८६ मध्ये चॅलेंजर अवकाशयानाचा स्फोट झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी उलरिक नाइसर आणि निकोल हार्श या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांकडून ती बातमी कुठे, कशी कळली हे लिहून घेतले. सुमारे अडीच वर्षांनी पुन्हा विचारले, तेव्हा अनेकांची उत्तरे साफ बदललेली होती, तरी सांगण्यात खात्री होती. स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद पाहूनही मूळ आठवण परतली नाही.

म्हणून आठवण लिहिताना ती कोणाची आणि किती वर्षांनी सांगितलेली, हे नोंदवावे लागते. कागदपत्रांशी जुळावी म्हणून ती गुपचूप दुरुस्त करणे हा सांगणाऱ्यावर अन्याय आहे. पूरकथेत आईची रात्र तिच्याच शब्दांत राहिली, शेजारी मावशीची दुपार आली आणि धरण फुटल्याची वेळ तळटीपेत गेली.