उष्णतेची वासलात

देवळाली कॅम्पास मुंबईची माणसे पिढ्यान्‌पिढ्या येत राहिली ती हवापालटासाठी. साडेपाचशे मीटरांहून थोड्या अधिक उंचीच्या या पठारावरील कोरड्या हवेत छातीचे विकार शमतात अशी रुग्णांची आणि त्यांच्या डॉक्टरांचीही दृढ समजूत असल्यामुळे लॅम रोडच्या आसपास आरोग्यभवने उभी राहिली आणि पारशी व गुजराती सद्‌गृहस्थांनी प्रशस्त व्हरांड्यांचे बंगले बांधले. परंतु माणसांना निवविणाऱ्या या ठिकाणी मुंबईहून यायचे, तर वाटेत कसाऱ्याचा घाट चढावा लागे. आणि तो चढताना मोटारीच्या इंजिनाची जी अवस्था होई, तिच्यामुळेच रेडिएटर नामक वस्तूशी माझा बालपणी परिचय झाला, तो आजतागायत सुटलेला नाही.

कँटोन्मेंटच्या कचेरीत कारकुनी करणाऱ्या माझ्या वडिलांनी, त्यांना आम्ही दादा म्हणत असू, कर्ज काढून एक जुनी फियाट ११०० घेतली होती. १०८९ घन सेंटीमीटरांचे ते लहानसे इंजिन सपाटीवर मोठे सालस वागे. मात्र वैशाखात, दोन आत्यांसह भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढू लागली, की वाऱ्याचा झोत मंदावे, पट्ट्यावर फिरणारा पंखा एकटा पुरा पडेना, आणि बॉनेटच्या फटींतून वाफ डोकावू लागे. बॉनेट उघडून उभ्या असलेल्या ट्रका आणि टॅक्स्या हे त्या काळी घाटाचे नित्याचे दृश्य होते. कोणी घाईघाईने फडके घेऊन टोपण फिरवी आणि हात भाजून घेई. दादा मात्र गाडी सावलीस लावून, छागलीतले गार पाणी प्रथम आत्यांना देत, मग स्वतः पीत, आणि इंजिनाची पाळी सर्वांत शेवटी येई. ‘तापलेल्याला लगेच पाणी पाजायचं नाही, त्याला आधी दम खाऊ दे,’ एवढेच ते म्हणत.

या सबुरीमागील शास्त्र मला पुढे उमगले. देवळालीच्या उंचीवर उघड्या भांड्यातील पाणी सुमारे ९८ अंशांसच उकळते; रेडिएटरचे टोपण आतला दाब वातावरणाहून सुमारे ०.९ बारने वाढवून ती मर्यादा १२० अंशांच्या आसपास नेऊन ठेवते, आणि दाबाखाली निमूट राहिलेले ते पाणी टोपण उघडताच क्षणार्धात वाफ होऊन अंगावर येते. शिवाय तापलेल्या हेडवर एकाएकी थंड पाणी पडले, की ते वाकते वा तडकते, आणि मग मिस्त्रीच्या बिलावाचून सुटका नसते.

रेडिएटरची आजची घडण बव्हंशी विल्हेल्म मायबाखची. कार्ल बेंझच्या १८८६ च्या गाडीत पाणी उकळून उडून जाई आणि वरचेवर नवे ओतावे लागे. मायबाखने १९०० साली मर्सिडीजच्या ३५ अश्वशक्तीच्या गाडीसाठी सहा मिलिमीटर चौकोनाच्या ८०७० नळ्या एकत्र डाखून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी सिद्ध केली, आणि थोड्या पाण्यात मोठे इंजिन थंड राखण्याची तजवीज झाली. त्या आठ हजार नळ्या डाखणाऱ्या कारागिरांचे नाव इतिहासाच्या दप्तरात नाही, याचे मला वाईट वाटते.

असे वाटण्याचे कारण, डाखकाम म्हणजे काय ते मी तरुणपणी नाशिकरोडच्या एका रेडिएटरवाल्याकडे तासन्‌तास बसून पाहिले. नाशिक हे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे गाव. त्याच धातूंचे रेडिएटर उघडून, नळ्यांतून सळई फिरवून, वर्षानुवर्षांचा क्षार तो खरवडून काढी, गळती सापडावी म्हणून हौदात बुडवून हवा भरी, आणि बुडबुडा दिसे तिथे डाख देई. मी तेव्हा दादांची फियाट, त्यांच्या मूक संमतीने, ‘तेज’ करण्याच्या नादी लागलो होतो. हेड घासून कॉम्प्रेशन वाढविले होते, दुसरा कार्बुरेटर चढविला होता. आणि सपाटीवर गाडी खरोखर उडू लागली. मात्र रेडिएटरवाल्याने सारे ऐकून घेतले आणि विचारले, ‘जोर वाढवला तो कळला. गरमी कुठं ठेवणार, त्याचं काय केलंत?’

त्याहून नेमका प्रश्न मला पुढे कोणत्याही ग्रंथात आढळला नाही. इंधनाच्या उष्णतेचा जमाखर्च ढोबळ मानाने असा, की तिचा सुमारे एक तृतीयांश हिस्सा चाकांच्या कामी येतो, तितकाच सायलेन्सरवाटे जातो, आणि उरलेला सिलिंडरच्या भिंतींतून पाण्याच्या स्वाधीन होतो. १०० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण जोराने चालत असता रेडिएटरवर जो भार येतो, तो स्नानाच्या पाण्याचे दोन किलोवॉटांचे तीसेक गीझर एकदम लावल्याइतका असतो. ही उष्णता नष्ट करता येत नाही, केवळ हवेच्या हवाली करता येते. आणि हवा ती किती स्वीकारील, हे दोहोंच्या तापमानातील अंतरावर ठरते. पाणी ९५ अंशांवर धरले, तर पौषातील पहाटे १० अंशांच्या हवेशी अंतर ८५ अंशांचे पडते, आणि वैशाखात ४२ अंशांच्या दुपारी ते ५३ वर येते. म्हणजे त्या रेडिएटरची कुवत, त्याचा काहीएक अपराध नसताना, एकतृतीयांशाहून अधिक घटते. इंजिनाची ताकद वाढविणारा प्रत्येक जण या वसुलीस केव्हा ना केव्हा सामोरा जातोच.

देवळाली हे तोफखान्याचे गाव असल्याने या विषयाचे जाणकार अनपेक्षित ठिकाणी भेटत. एका निवृत्त हवालदाराने मला विकर्स मशीनगनची हकीकत सांगितली होती: नळीभोवतीच्या आवरणात सुमारे चार लिटर पाणी असे, गोळीबार लांबला की ते उकळे, आणि वाफ रबरी नळीने एका डब्यात नेऊन पुन्हा तिचे पाणी करीत. त्यात पाण्याची बचत होई, आणि वाफेने शत्रूस ठिकाणही कळत नसे.

आता माझा पुतण्या गाडी ‘तेज’ करण्याच्या त्याच छंदात आहे; रॅली ऑफ महाराष्ट्रच्या गाड्या पाहून त्याच्या अंगात जे शिरले, ते अद्याप उतरलेले नाही. त्याच्या गाडीस टर्बो आहे, आणि टर्बोने प्रकरण अधिक गुंतागुंतीचे केले आहे. ४० अंशांची हवा दाबून दुप्पट दाबाची केली, की ती सव्वाशे अंशांच्या पुढे जाते. अशी हवा सिलिंडरमध्ये गेल्यास इंधन अवेळी पेटून इंजिन ठोकू लागते, म्हणून तिला निवविण्यास इंटरकूलर लागतो. तो बसतो रेडिएटरच्या पुढे, त्याच्याही पुढे किंवा पाठीशी एसीचा कंडेन्सर, आणि या दोघांनी तापवून सोडलेली ५५ अंशांची हवा रेडिएटरच्या वाट्यास येते. ५३ चे अंतर ४० वर आले. एकास थंड करण्यासाठी दुसऱ्यास तापवायचे, असा हा कारभार आहे.

या व्याधीवर जितके मिस्त्री तितके काढे. सर्वांत लोकप्रिय म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकणे. ते मला साफ नामंजूर आहे. घाटात इंजिन तापले असता थर्मोस्टॅट आधीच पुरता उघडलेला असतो, त्यामुळे तो काढून फारसे काही साधत नाही. उलट हिवाळ्यात इंजिन वेळेवर तापत नाही आणि झिजते, आणि काही इंजिनांत तर त्याच्या अभावी गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून आडवाटेने परत येते. बॉनेटच्या मागील बिजागरीखाली वॉशर घालून फट ठेवण्याची तरुणांत रूढी आहे. उभ्या गाडीत तिचा उपयोग होतो, पण वेगात काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढत असल्याने वारा त्या फटीतून बाहेर पडण्याऐवजी आत घुसतो. गडद रंगीत कूलंट जितके दाट तितके उत्तम, हाही भ्रम. बर्फाच्या मुलखात ग्लायकॉल निम्मे असणे युक्तच. परंतु उष्णता वाहून नेण्यात शुद्ध पाण्याची बरोबरी ते करीत नाही, म्हणून आमच्याकडे पाण्याचे प्रमाण अधिक ठेवून गंजरोधक द्रव्य न विसरणे बरे. आणि मोठा रेडिएटर बसविणे हा, माझ्या मते, आळशाचा उपाय होय. आलेली हवा कडेच्या फटींतून निसटत असेल, पंख्यास घेर नसल्याने तो जाळीचा मधलाच भाग ओढत असेल, तर रेडिएटर दुप्पट केल्यानेही पदरी काय पडणार? आम्ही एक आख्खा रविवार फोमच्या पट्ट्या आणि पत्र्याचे तुकडे कापून साऱ्या फटी बुजविल्या. त्या रविवारचा लाभ कोणत्याही महागड्या वस्तूने दिला नसता.

तरी मे महिन्यात कसाऱ्याच्या चढावर काटा चढू लागलाच. ‘काका, आता?’ पुतण्याने विचारले. मी हीटर पूर्ण लावावयास सांगितला, कारण हीटर हाही एक धाकटा रेडिएटरच असतो. काचा खाली घेऊन, घामाने निथळत, इंजिनाची गरमी आम्ही आपल्या अंगावर घेतली. काटा जागी आला.

आता त्याचा आग्रह आहे की कंडेन्सर काढून टाकावा, म्हणजे रेडिएटरला निखळ हवा मिळेल. हिशेबाने त्याचे म्हणणे बिनतोड आहे, आणि मी तसा अभिप्रायही दिला. परंतु त्या मे महिन्यातील हीटरच्या प्रवासात मागच्या आसनावर सूनबाई होत्या, आणि त्यांनी ती मागणी ऐकताक्षणीच फेटाळली आहे. त्या निर्णयावर अपील करण्याची सोय आमच्या घरात नाही.