ब्रेकमधली पोकळी

पसरणीचा घाट मी आजवर किती वेळा उतरलो असेन, याची मोजदाद नाही. परंतु डिसेंबर २०२४ मधल्या एका सकाळचे उतरणे अजून पायात आहे.

शेजारी आबा बसले होते. त्यांनी तीस वर्षे एस.टी. चालवली, त्यातली बरीचशी याच घाटात. आदल्या वर्षी मी एक वापरलेली इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला होता : “हिला गिअर नाहीत, तर घाट उतरायचा कसा?” ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हा त्यांच्या पिढीतल्या चालकांचा नियम. मी प्राध्यापकी थाटात समजावले होते, की ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की मोटारच जनित्र होते, चाकांची गती वीज होऊन बॅटरीत जाते आणि गाडी आपोआप मंदावते. ब्रेकला पाय लावावाच लागत नाही. आबा नुसते “बरं” म्हणाले होते.

त्या दिवशी मात्र गाडी पाचगणीला रात्रभर चार्जिंगला लावलेली होती आणि बॅटरी शंभर टक्के भरली होती. भरल्या घड्यात पाणी ओतता येत नाही. भरलेली बॅटरी परतीची वीज घेईना आणि गाडी मंदावेना. वळणाआधी ब्रेक दाबला, तो पायाखाली जणू दगड आला. पेडल जेमतेम बोटभर खाली गेले. घाबरून मी ते पुन्हा पुन्हा दाबू लागलो. आबा आवाज न चढवता म्हणाले, “पंप करू नकोस. दोन्ही पायांनी दाबून धर, सोडू नकोस.” पाठ आसनाला रेटून मी पेडल दाबून धरले. गाडी हळूहळू कडेला थांबली. आबांनी उतरून चाकापुढे एक धोंडा लावला. परतीच्या वाटेवर ते या विषयावर काही बोलले नाहीत.

पायाचे बळ वाढवणारी वस्तू म्हणजे बूस्टर : मधोमध पडदा असलेला एक पत्र्याचा डबा. पडद्याच्या दोन्ही अंगांना पोकळी असते. पेडल दाबले की एका अंगाला बाहेरची हवा शिरते आणि पडदा पुढे ढकलला जातो. हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलो. पडदा वीस सेंटीमीटर व्यासाचा आणि पोकळी दोन-तृतीयांश धरली, तरी पायाला दोनशे किलोंचे साहाय्य मिळते. ऑटो फॉन गेरिकेने १६५७ साली माग्देबुर्गमध्ये दोन अर्धगोल जुळवून आतली हवा काढली होती आणि घोडे जुंपूनही ते विलग होईनात. तेच बळ आपण रोज पायाखाली वापरतो. पेट्रोलच्या गाडीत ही पोकळी इंजिनाने हवा ओढल्यामुळे मिळते. इलेक्ट्रिक गाडीला ते इंजिनच नाही. माझ्या गाडीत त्या कामासाठी बारा व्होल्टवर चालणारा एक छोटा पंप आहे.

पोकळी नाहीशी झाली तरी ब्रेक जात नाही; जाते ती मदत. शिल्लक पोकळी मात्र प्रत्येक दाबण्यागणिक खर्च होते. आबांना हा डबा ठाऊक नव्हता, पण एस.टी.च्या हवेच्या ब्रेकमध्ये टाकीतली हवा अशीच उधळली जाते, हे त्यांच्या पायाला ठाऊक होते.

वाईच्या गॅरेजमधल्या तरुण मिस्त्रीने आधी साधी परीक्षा केली. गाडी बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबले, पाय तसाच ठेवला आणि किल्ली फिरवली. पेडल किंचित खाली जायला हवे होते, गेले नाही. पंपाचा आवाजही नाही. त्याने फ्यूज काढून पाहिला, तो जळालेला होता. नवा बसवताच पंप घरघरू लागला, पेडल मऊ झाले. मी पाकीट काढले.

“थांबा सर,” तो म्हणाला, “फ्यूज उगाच जळत नाही. पंप अजून बंद कुठं झालाय?” काही सेकंदांत थांबायला हवा तो पंप चालूच होता. मिस्त्रीने नळीला कान लावला, बोट फिरवत नेले आणि क्लिपजवळ एका जागी अंगठा दाबला. पंप तत्क्षणी शांत झाला. अंगठा उचलताच पुन्हा घरघर. रबरी नळीला केसाएवढी चीर गेली होती. गळती भरून काढण्यासाठी पंप न थांबता राबत होता आणि अखेरीस त्या भाराने फ्यूज गेला होता. नळी, क्लिपा आणि हवा मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह बदलला. पंपही तपासून घेतला.

ती घरघर लांबत चालली आहे, हे मी गेले दोन महिने ऐकत होतो. गाडीचा स्वभाव म्हणून सोडून दिले होते. शिवाय ब्रेकला पाय क्वचितच लागत असल्याने दोष सोयीखाली झाकून गेला होता. पहिला फ्यूज सापडला की वाचन संपवायचे, ही माझ्या वर्गातलीही रीत आहे. ‘कवी निराशावादी होता’ असे विद्यार्थी लिहितात. ती निराशा कवितेत कुठून झिरपते, याचा शोध न घेताच मी त्यांना गुण देत आलो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली न लावता आबांनीच पेडल दाबून पाहिले. पहिल्या दोन्ही वेळा ते मऊ होते. “रात्रभर धरलीय,” एवढेच ते म्हणाले.

घाट उतरायचा असला की आता मी बॅटरी ऐंशी टक्क्यांवर थांबवतो. आणि किल्ली फिरवली की आम्ही दोघेही बोलणे थांबवतो, घरघर संपेपर्यंत.