सही करण्याआधी



आधी एक खुलासा. या लेखात जागोजागी 'आम्ही' येईल, पण आम्ही म्हणजे एकटीच बाई, सत्तरी केव्हाच ओलांडलेली निवृत्त नर्स. माझगावच्या सर एली कदूरी शाळेत असताना मराठीच्या बाईंनी बजावलं होतं की निबंधात सारखं 'मी मी' करू नये. पन्नासच्या वर वर्षं इंग्लंडात काढली तरी ती सवय काही गेली नाही. तेव्हा सांभाळून घ्यावे.

इथे पहिल्यांदा ब्रिटिश पासपोर्ट काढायचा तर फॉर्मवर दुसऱ्या कोणाची तरी साक्ष लागते, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. साक्षीदार नात्यातला नको, एकाच घरात राहणारा नको. अर्जदाराला निदान दोन वर्षं ओळखणारा हवा आणि समाजात पत असलेला हवा. ज्यांची साक्ष चालते त्या यादीत नर्सही बसते, निवृत्त असली तरी. त्यामुळे आजवर आपल्या समाजातल्या कितीतरी फोटोंच्या पाठीवर आमची सही झाली आहे. कोणी पेढे आणले, कोणी नुसताच चहा पिऊन गेले. आनंदच वाटला.

मागल्या वर्षी एक जुनी मैत्रीण जावयाचा फॉर्म घेऊन आली. मुलगा चांगला, कामसू, शब्बाथला सासूबरोबर सिनेगॉगमध्ये येणारा. पण आमची त्याची ओळख लग्नापासूनची, म्हणजे मोजून सोळा महिन्यांची. आम्ही तसं म्हटलं, तर मैत्रीण म्हणाली, "अगं, दोन वर्षं लिही. कोण विचारायला येतंय? मला ओळखतेस ना चाळीस वर्षं? माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

आम्ही सही केली नाही. ती फॉर्म उचलून गेली. जाताना म्हणाली, "इथे राहून तूसुद्धा गोरी झालीस." जावयाला पुढे कामावरच्या एका जुन्या ओळखीच्याची साक्ष मिळाली, पासपोर्टही आला. मैत्रिणीचा फोन मात्र अजून आलेला नाही.

तिचा तो प्रश्न डोक्यातून जात नाही. विश्वास नाही का? त्याचं उत्तर द्यायचं तर 1975 सालातली एक रात्र सांगावी लागेल. ती आजवर आम्ही घरच्यांपलीकडे कोणाला सांगितलेली नाही.

तेव्हा आम्ही नुकत्याच परीक्षा पास होऊन स्टाफ नर्स झालो होतो. बायकांचा सर्जिकल वॉर्ड, रात्रपाळी. इस्पितळाचं नाव इथे नको. पेथिडिनसारखी वेदनाशामक इंजेक्शनं कुलपात असत. कपाटाच्या किल्ल्या वॉर्ड सांभाळणाऱ्या नर्सजवळ, आणि प्रत्येक इंजेक्शनाची नोंद वहीत. किती वाजता, कोणाला, किती दिलं, किती शिल्लक राहिलं आणि शेवटी दोन सह्या, एक देणारीची आणि एक पाहणारीची. ही दुसरी सही शोभेची नव्हे. पाहणारीने कपाटातून औषध काढल्यापासून रुग्णाला टोचेपर्यंत स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं असतं.

त्या रात्री आमच्याबरोबर एक सीनियर नर्स होती. सगळ्यांची लाडकी, रुग्णांशी गोड बोलणारी. आम्ही मुंबईहून नवीन आलो तेव्हा स्वतःचा कोट आम्हांला देणारी हीच. दोनच्या सुमाराला आम्ही एका आजीबाईंचं ड्रेसिंग करत होतो. तिने वही पुढे केली. "सहा नंबरला दिलं मी. सही करून टाक, तुझे हात भरलेत." आम्ही हातमोजा काढून सही केली.

पहाटे चारला सहा नंबरच्या बाई कण्हत होत्या. ओठ दातांखाली धरलेला, उशी घामाने भिजलेली. इंजेक्शन मिळाल्याला दोन तास झाले होते, निदान वहीप्रमाणे. आम्ही विचारलं तर त्या म्हणाल्या, "नर्स, मला काहीच दिलं नाही कोणी."

एखाद्या रुग्णाला गुंगीत आठवत नाही, एखाद्याला औषध पुरत नाही, हे आम्हांलाही कळत होतं. पण एक गोष्ट पक्की कळली की त्या बाईंना इंजेक्शन मिळालं की नाही हे आम्ही सांगू शकत नव्हतो, आणि मिळालं असं सहीने लिहून मोकळ्या झालो होतो. वही बरोबर होती. कपाटातली शिल्लक बरोबर होती. गप्प बसलो असतो तर कधीच कोणाला कळलं नसतं. नोकरी नवी, देश परका, घरी दर महिन्याला पैसे जात होते आणि जिच्यावर संशय घ्यायचा तिचाच कोट आमच्या अंगावर.

पाचला नाइट सिस्टरची फेरी आली. बार्बाडोसची बाई, उंच, कमी बोलणारी, शिस्तीची इतकी की सगळ्या तिच्यावर नाराज. आम्ही तिला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं की आम्ही न पाहता सही केली आहे. ती ओरडली नाही. आधी सहा नंबरपाशी गेली, मग डॉक्टरांना बोलावलं, बाईंच्या दुखण्याचं बघितलं. वही हातात घेतली ती सगळ्यांत शेवटी.

पुढे चौकशी झाली. त्या सीनियर नर्सने काय सांगितलं ते आमच्या कानावर आलं नाही. महिन्याभरात ती इस्पितळ सोडून गेली. आम्हांला लेखी ताकीद मिळाली आणि ती योग्यच होती. वॉर्डातल्या निम्म्या मुली आमच्याशी बोलेनाशा झाल्या, चहाला हाक मारेनाशा झाल्या. मग एका रात्री सिस्टरने कपाटाच्या किल्ल्या आमच्या हातावर ठेवल्या. म्हणाली, "आता तू बघशील."

गोड बोलणारीवर आमचा विश्वास बसला होता, आणि भरवशाची निघाली ती जिची भीती वाटायची. विश्वास वाटणं एक आणि विश्वासाला पात्र असणं दुसरं. हा फरक ओळखायचा कसा? आम्हांला एकच खूण सापडली. भरवशाचा माणूस मोजमापाला रागावत नाही. 'मोजून घे' असं तो आपणहून म्हणतो. जो 'माझ्यावर विश्वास नाही का?' म्हणतो तो वाईटच असतो असं नाही, पण त्या घडीला तो तुमच्याकडून डोळे मिटून घ्यायला मागतो.

ही अक्कल इंग्लंडात आली असं समजू नये. आपण कोकणातले शनिवार तेली. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोकांनी आपल्याला ते नाव दिलं. आमच्या आजीचे वडील अलिबागजवळच्या गावात तेल काढून विकत. आजी सांगायची की ते गिऱ्हाइकाच्या भांड्यात माप उपडं करत आणि तसंच धरून ठेवत. धार तुटे, मग थेंब, मग थेंबही थांबत. तोवर माप हलायचं नाही. घाईची बाई म्हणे, "राहू द्या हो, तुमच्यावर विश्वास आहे." ते म्हणत, "तुझा आहे, पण तेल तुझं आहे ना? निथळू दे."

आणि आपल्या डॉक्टर जेरुशा झिराड. 1919 साली लंडनची एम.डी. झालेल्या, 1928 ते 1947 मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख, 1966 साली पद्मश्री. त्यांच्या मानसन्मानांचं कौतुक आपल्याकडे होतं, पण आम्हांला मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. मुंबईत बाळंतपणात बायका का मरतात याची त्यांनी चौकशी केली. तो अहवाल 1941 साली सरकारने छापला. म्हणजे स्वतःच्याच धंद्यातले मृत्यू मोजले आणि कारणांसकट कागदावर मांडले. इंग्लंड आणि वेल्समध्ये बाळंतपणातल्या मृत्यूंची अशी देशभरची चौकशी 1952 पासून सुरू झाली. आमच्या आईला झिराडबाईंचा भारी भरवसा वाटे. त्या आपल्या समाजाच्या, म्हणून वाटे. त्याचं खरं कारण त्या अहवालात होतं, पण आईने तो पाहिलाही नसेल.

न पाहता केलेल्या सह्या कुठवर नेतात हे या देशाने फार भयंकर रीतीने पाहिलं. मँचेस्टरजवळच्या हाइड गावातला डॉक्टर हॅरॉल्ड शिपमन. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाणारा, बोलायला वेळ देणारा, गावाचा लाडका. 31 जानेवारी 2000 रोजी त्याला आपल्या 15 रुग्णांच्या खुनाबद्दल दोषी ठरवण्यात आलं. डेम जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीने 2002 साली सांगितलं की त्याने किमान 215 जणांना मारलं. त्या वेळी दहनाआधी दोन डॉक्टरांचे फॉर्म लागत. म्हणजे इथेही दुसरी सही होतीच! शेजारच्या दवाखान्यातले डॉक्टर ती वर्षानुवर्षं देत आले. एका डॉक्टरने दुसऱ्यावर शंका कशी घ्यायची?

त्याच दवाखान्यातल्या डॉक्टर लिंडा रेनॉल्ड्स यांनी मात्र फॉर्म मोजले. रुग्णांच्या मानाने हे मृत्यू फार आहेत असं त्यांना दिसलं आणि मार्च 1998 मध्ये त्यांनी कोरोनरला कळवलं. शंका खोटी ठरली असती तर एका आवडत्या डॉक्टरची बदनामी करणारी बाई म्हणून गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. पोलिसांनी पहिल्या तपासात काही सापडलं नाही म्हणून प्रकरण मिटवलं. सप्टेंबरात शिपमनला अटक होईपर्यंत आणखी तीन बायका गेल्या. म्हणजे बाई खरं बोलल्या, तरी लगेच ऐकलं गेलं नाही. भरवशाच्या माणसाला हेही सोसावं लागतं.

आता इंग्लंड-वेल्समध्ये, 9 सप्टेंबर 2024 पासून, जो मृत्यू कोरोनरकडे जात नाही तो मेडिकल एक्झामिनर म्हणून नेमलेला वेगळा डॉक्टर तपासतो. कोणा चांगल्या डॉक्टरला यात अपमान वाटू नये. आम्हांला तर वाटतं, चांगल्याला तपासणीचा आधारच होतो. आमच्या वेळी ती दुसरी सही आम्ही नीट केली असती तर कदाचित ती सीनियर नर्सही वेळेवर सावरली असती. तिच्या चांगुलपणाला जपण्याची रीत आम्हांला तेव्हा कळली नाही. कोट घेतला आणि डोळे मिटले. याची खंत त्या ताकीदपत्रापेक्षा जास्त आहे. आणि सहा नंबरच्या बाईंचे ते दोन तास तर कोणत्याच वहीत भरून निघायचे नाहीत.

शेवटी एक शब्दांची गंमत. आपण प्रार्थनेनंतर 'आमेन' म्हणतो. हिब्रूत विश्वासू माणसाला 'नेएमान' म्हणतात, श्रद्धेला 'एमुना'. तिन्हींचं मूळ एकच, आलेफ-मेम-नून. रूथच्या पुस्तकाच्या शेवटी नामी नातवाला उराशी घेते आणि त्याची 'ओमेनेत' होते. ओमेनेत म्हणजे मूल सांभाळणारी, दाई, म्हणजे नर्सच की! तो शब्दही त्याच मुळाचा. चाळीस वर्षं युनिफॉर्म घातला आणि हे कळलं निवृत्तीनंतर. ज्याचा भार आपल्या हातावर दिला आहे तो हात ढळू द्यायचा नाही, एवढाच त्या सगळ्यांचा अर्थ आम्ही घेतो.

आमची मैत्रीण हे पत्रक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. म्हणून तिला इथेच सांगतो. बाई गं, चाळीस वर्षांत तू दिलेला एकही डबा आम्ही उघडून तपासला नाही, इतका विश्वास आहे. पण त्या कागदावर सोळा महिन्यांचे चोवीस करायचे असते, तर त्या सहीला काय किंमत उरली असती? तुझ्या जावयालाही ती नको होती, असं तो स्वतः आम्हांला भेटून सांगून गेला. तुला कळवलं नाही त्याने? मग आता कळलं.

पुढच्या महिन्यात आमच्याकडे मलिदा आहे. पोहे, साखर, खजूर सगळं आणून ठेवलं आहे. नारळ खोवायला मात्र मनगट साथ देत नाही. दर वर्षी तूच खोवतेस. लवकर ये.

कळावे, लोभ असावा.