पाहिलेला ठेका

संगीत हे कानांचे वैभव आहे, डोळ्यांना त्यात काय काम, असे माझे पुष्कळ दिवस मत होते. रागमालेची चित्रे मी पाहिली होती. पण त्यांतून राग ऐकू आल्याचा अनुभव मला तरी कधी आला नाही. हे मत मला सोडावे लागले ते मिठबावच्या आमच्या घरी, एका पावसाळी संध्याकाळी.

अण्णांनी उभा जन्म भजनाला तबल्याची साथ केली. अलीकडे त्यांची श्रवणशक्ती गेली. कानाला यंत्र लावले तर गलका ऐकू येतो, गाणे ऐकू येत नाही. तबल्यावर खोळ चढली ती चढलीच. त्याविषयी ते अवाक्षर काढीत नाहीत, आणि म्हणूनच आम्हांला ते अधिक लागते.

माझ्या संगणकावर लिनक्स आहे, व त्यात प्रोजेक्टएम नावाचा एक प्रोग्राम. रायन गाइस याने २००१ साली विनॅम्पसाठी मिल्कड्रॉप रचला, त्याचाच हा मुक्त अवतार. वाजणाऱ्या नादाचे तो खर्ज, मध्य आणि उच्च असे भाग पाडतो व प्रत्येकाला एक संख्या देतो. नेहमीच्या पातळीला ती १ च्या आसपास असते. थाप पडली की वर उसळते. ही संख्या चित्राच्या कोणत्या अंगाला बांधावी हे समीकरण आपण लिहावयाचे. १७८७ साली क्लाड्नीने धातूच्या पत्र्यावर वाळू टाकून नादाच्या आकृती दाखविल्या. येथे वाळूच्या जागी प्रकाश, इतकेच.

मी खर्जाला एक वर्तुळ बांधले आणि त्रिताल लावला. अण्णा उगाच बसल्यासारखे बसले होते. वर्तुळ फुगत होते, आकसत होते. दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत डग्गा घुमत नाही. तेथे ते मलूल झाले. अण्णा एकदम ताठ बसले. "अरे, खाली इली!"

मग त्यांनी तळहात ध्वनिक्षेपकावर ठेवला, क्षणभर पाहिले, आणि म्हणाले, "तुझा चित्र उशिरा येता."

दोष माझाच होता. चित्र डोळ्यांना सौम्य वाटावे म्हणून मी खर्जाची सरासरी काढलेली, संथ संख्या वापरली होती. एक शब्द बदलला; सम समेवर आली. तयार खेळणे असते तर हा दोष तसाच सोसावा लागता.

अण्णांना गाणे परत मिळाले, असे मी म्हणणार नाही. भैरवीची आर्तता त्या वर्तुळात उतरत नाही, आणि ते त्यांना माझ्याहून अधिक कळते. पण त्या रात्री जेवणाचे पान वाढले तरी ते उठले नाहीत. खुर्चीच्या हातावर त्यांची बोटे चालली होती. आणि खालीवर, अगदी नेमका, डावा हात थांबत होता.